टेन्शन, शुगर आणि रिलॅक्सेशन: कधी करायचं, कसं करायचं आणि उपयोग होतोय का ते कसं ओळखायचं

"टेन्शन घेऊ नका" हे वाक्य डायबिटीस असलेल्या प्रत्येकाने डॉक्टरकडून एकदा तरी ऐकलेलं असतं. गोळी कुठली, किती एमजीची, जेवणाआधी की नंतर, हे सगळं कागदावर लिहून मिळतं, टेन्शन न घेण्याचा डोस मात्र कुणी लिहून देत नाही. मग आपण घरी येऊन यूट्यूब उघडतो, तिथे एक जण कपालभाती सांगतो, दुसरा ध्यान सांगतो, तिसरा म्हणतो इन्सुलिन फेकूनच द्या, आणि आठवड्याभरात सगळंच सुटतं. मला टाइप टू डायबिटीस आहे, बरीच वर्षं झाली, घरात सासूबाईंनाही आहे, त्यामुळे यातलं काय टिकतं आणि काय नाही ते जवळून बघितलंय. माझं म्हणणं एवढंच की रिलॅक्सेशन "वेळ मिळेल तेव्हा" म्हटलं की ते होतच नाही. आपली शुगर दिवसात नेमकी कधी बिघडते ते आधी मीटरवर शोधायचं आणि बरोब्बर त्या वेळेला एकच गोष्ट बसवायची.

आणि हे सगळं गोळ्यांच्या किंवा इन्सुलिनच्या सोबत करायचं, त्यांच्याऐवजी नाही. हे पुढे परत परत लिहिणार नाही, पण प्रत्येक ओळीला लागू आहे.

टेन्शन आलं की आत काय होतं

टेन्शन आलं की शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतं. ही हार्मोन्स लिव्हरला सांगतात साठवलेली साखर रक्तात सोड, संकट आलंय, पळायला ताकद लागेल. त्याच वेळी इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. आता आपण काही पळत नसतो, खुर्चीत बसून साहेबांचा मेल वाचत असतो किंवा मुलाच्या बारावीच्या रिझल्टची वाट बघत असतो, त्यामुळे ती साखर वापरली जात नाही, रक्तातच फिरत राहते. टाइप टू मध्ये यामुळे बहुतेक वेळा आकडा वर जातो. टाइप वन मध्ये (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) काहींचा वर जातो काहींचा खाली येतो, त्यामुळे त्यांनी आपला स्वतःचा पॅटर्न बघितल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये.

दुसरा रस्ता जास्त साधा आणि माझ्या मते जास्त मोठा. टेन्शनमध्ये गोळी राहते, चालायला जाणं राहतं, झोप उडते आणि रात्री साडेदहाला फरसाणाचा डबा उघडला जातो. रिलॅक्सेशनचा फायदा निम्मा तरी इथे होतो, कारण डोकं शांत असलं की डबा बंद ठेवणं सोपं जातं.

आता याचा पुरावा काय? अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीने २००२ मध्ये टाइप टू असलेल्या १०८ लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना डायबिटीसची माहिती देणारे ५ वर्ग होते, त्यातल्या काहींना त्या वर्गांत ताण हाताळायलाही शिकवलं, स्नायू सैल करायची पद्धत त्यात होती. वर्षभरानंतर ताण हाताळायला शिकलेल्यांचा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा, टक्क्यांत येणारा आकडा) दुसऱ्यांपेक्षा साधारण ०.५ ने कमी होता. २०२२ मध्ये २८ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा योग, ध्यान वगैरे करणाऱ्यांची सरासरी घट ०.८ च्या आसपास निघाली, योगाची त्याहून थोडी जास्त, तीही नेहमीच्या औषधांवर अधिकची. मी स्वतः यातला अर्धाच धरून चालते, कारण असे अभ्यास सगळेच एकसारखे काटेकोर नसतात. पण अर्धा धरला तरी फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी वाईट नाही.

सुरू करायच्या आधी, हे वगळू नका

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शुगर लो झाली की काय होतं? घाम येतो, छातीत धडधडतं, हात थरथरतात, चिडचिड होते, घाबरल्यासारखं वाटतं. आणि टेन्शन आल्यावर काय होतं? डिट्टो तेच. त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या शुगर लो करू शकणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी अचानक धडधडायला लागलं तर आधी मीटर काढायचा, श्वासाचा व्यायाम नंतर. आकडा ७० च्या खाली असेल तर डोळे मिटून बसायचं नाही, साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे ३ चहाचे चमचे पाण्यात ढवळून प्यायचे, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच घ्यायचं. मीटर जवळ नसेल तर लो आहे असं धरूनच साखर घ्या. बीपीसाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी) चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतच नाही कधीकधी, घाम मात्र येतो, तेवढी खूण लक्षात ठेवा.

डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, लेझर झालं असेल, तर शीर्षासन, सर्वांगासन, जोरात कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं हे सगळं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हाय बीपी, हार्निया, प्रेग्नन्सी यातही जोरकस प्रकार नकोत. खाली जे सांगतेय त्यात हे काहीच नाहीये, मुद्दाम नाही घेतलं.

आणि ताप, उलट्या चालू आहेत आणि शुगर खूप चढलीय, तर तो दिवस ध्यानाचा नाही, डॉक्टरांकडे जायचा.

पहिलं काम: दोन आठवडे नुसती वही

एक शंभर पानी वही घ्या. अॅप चालेल, पण घरातल्या वयस्कर माणसाला वहीच बरी पडते. स्ट्रिप स्वस्त नसतात त्यामुळे रोज सात वेळा टोचायची गरज नाही, फिरवून तपासायचं. आज सकाळी उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतर २ तासांनी, उद्या दुपारच्या जेवणाआधी आणि २ तासांनी, परवा रात्रीच्या. हे २ तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुवून उठल्यापासून नाही, इथे खूप जणांचा घोळ होतो. आणि हात धुवून, पुसून मगच टोचा. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर मीटर आंब्याचीही साखर मोजतो.

आकड्याच्या शेजारी तीन गोष्टी लिहा: रात्री झोप किती झाली, टेन्शन ० ते १० मध्ये किती, आणि काय झालं होतं ते दोन शब्दांत. "लोकल लेट", "नणंदेचा फोन", "ईएमआय" असं. छान भाषेत लिहायची गरज नाही, कुणी वाचणार नाहीये.

घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत इकडचं तिकडे चालतं असं आंतरराष्ट्रीय मानकच सांगतं. म्हणजे १५५ आणि १६८ हे आपल्या दृष्टीने एकच. त्यामुळे प्राणायामाच्या आधी १६८, नंतर १५५, बघा उतरली, असल्या आनंदात पडू नका आणि उलटं झालं तर रडूही नका. दोन आठवड्यांचा कल बघायचा.

वही भरली की बहुतेकांना तीनपैकी एक चित्र दिसतं. एक, सकाळी उपाशीपोटीचा आकडा जास्त, रात्री काही खाल्लं नाही तरी. पहाटे शरीर स्वतःच हार्मोन्स सोडतं आणि लिव्हर साखर सोडतं म्हणून हे होतं, पण झोप खराब असेल तर आणखी वाढतं. दोन, कामावरून घरी आल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा काळ, इथे भूक, थकवा, चिडचिड सगळं एकत्र येतं. तीन, ठराविक प्रसंग, म्हणजे ऑडिट, आजारपण, घरातली भांडणं, त्या दिवसांत आकडा चढलेला आणि बाकी ठीक. पहिल्यांना रात्रीचं शवासन, दुसऱ्यांना श्वास किंवा शतपावली, तिसऱ्यांना स्नायू सैल करायची पद्धत. एकच घ्या. तिन्ही एकदम सुरू करणारी माणसं दहाव्या दिवशी एकही करत नसतात.

श्वास: ४ आत, ६ बाहेर

हे सगळ्यात सोपं आणि कुठेही करता येतं, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसूनसुद्धा.

पाठ टेकून बसा, मांडी घालायलाच हवी असं नाही, गुडघे दुखत असतील तर खुर्ची. एक हात पोटावर, बेंबीच्या वर. नाकाने श्वास घेताना मनात ४ आकडे मोजा, पोट हाताला बाहेर ढकलतंय ना ते बघा. मग नाकानेच सोडताना ६ मोजा. मध्ये थांबायचं नाही, कोंडायचं नाही. आकडा साधारण एका सेकंदाचा धरला तर एका मिनिटात ६ श्वास होतात, एरवी आपण १२ ते २० घेतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा संथ होतात, म्हणून सोडणं लांबवायचं, सगळी गंमत तिथेच आहे.

पहिला आठवडा ५ मिनिटं, नंतर १०. त्याहून जास्त करून काही जास्तीचं पदरात पडतं असं मला वाटत नाही, रोज होणं महत्त्वाचं. सुरुवातीला ६ जमत नाही, दम लागतो, तर ३ आणि ४ ने सुरू करा. बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं तर तुम्ही फार खोल ओढताय, सोडून द्या आणि साधा श्वास घ्या. श्वास मोठा नको, हळू हवा. हा फरक क्लासमध्येही कितीतरी लोकांना कळत नाही, छाती फुगवून फुसफुस करत असतात.

कुठे बसवायचं? संध्याकाळचा गट असेल तर घरी आल्यावर चप्पल काढली, हातपाय धुतले, की चहाच्या आधी. चहाच्या नंतर नाही, कारण चहाबरोबर खारी आणि टोस्ट येतात आणि तेव्हा आपण शांत असणं गरजेचं असतं.

मोजण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी भ्रामरी करा, श्वास सोडताना ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज, तो आपोआप लांब होतो. किंवा जप. याची एक मजेशीर गोष्ट आहे, २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी लॅटिनमधली रोझरीची (म्हणजे ख्रिश्चनांच्या जपमाळेची) प्रार्थना आणि एक मंत्र लोकांना म्हणायला लावून श्वास मोजले, दोन्हीत श्वास मिनिटाला जवळपास ६ वर आला. म्हणजे आपल्या आज्या माळ ओढायच्या आणि गोव्यात संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे हीच रोझरी, म्हणतात, त्यात हा व्यायाम आपोआप होतच होता. अट एकच, संथ म्हणायचं. "रामकृष्णहरी" एका उच्छ्वासात आरामात. टीव्हीवर सिरीयल चालू, एक डोळा तिकडे आणि माळ फास्ट फॉरवर्डमध्ये, याने पुण्य मिळत असेल तर माहीत नाही, श्वास काही संथ होत नाही.

स्नायू आवळायचे आणि सोडायचे

ही पद्धत एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरची, १९२० च्या दशकातली. ज्यांना ध्यानाला बसलं की डोक्यात किराण्याची यादी सुरू होते त्यांच्यासाठी बेस्ट, कारण यात करायला काहीतरी असतं.

खुर्चीत बसा किंवा आडवे व्हा. उजव्या हाताची मूठ आवळा, पूर्ण ताकद नको, पाऊण. ५ ते ७ सेकंद धरा आणि एकदम सोडा, हळूहळू नाही, एकदम. मग १५-२० सेकंद नुसतं बघा हात कसा वाटतोय, जड, गरम, सैल. मग डावी मूठ. मग दोन्ही खांदे कानापर्यंत उचलून सोडा. मग चेहरा, डोळे घट्ट मिटून, दात हलकेच दाबून सोडा. मग पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. एक फेरी साधारण १५ मिनिटांची होते.

आवळताना श्वास कोंडू नका, बीपी आणि डोळ्यांसाठी हे वाईट, तोंडाने एक दोन तीन मोजत राहिलात की कोंडला जात नाही. पोटऱ्या अगदी हलक्या आवळा, आपल्याला तिथे गोळा पटकन येतो, आणि पायाची बोटं खाली मुडपण्यापेक्षा आपल्याकडे ओढलेली बरी. पावलं बधिर असतील तर आवळल्याचं कळतच नाही, अशा वेळी डोळे उघडे ठेवून पावलाकडे बघत करा. त्या निमित्ताने पायावर कुठे फोड, चीर, लालसर काही आहे का तेही बघून होतं, जे आपण रोज करायला हवं आणि करत नाही.

तीन-चार आठवडे झाले की शरीराला सवय लागते आणि मग शॉर्टकट चालतो, नुसते खांदे, जबडा आणि मुठी, अर्ध्या मिनिटात. मीटिंगला जाण्याआधी, रिपोर्ट हातात घेण्याआधी, इंजेक्शन टोचण्याआधी. ही अर्ध्या मिनिटाची आवृत्तीच खरी कामाची, पण मोठी केल्याशिवाय ती येत नाही.

रात्रीचं शवासन

शिकागो युनिव्हर्सिटीत १९९९ मध्ये ११ तरुण, धडधाकट मुलांना ६ रात्री फक्त ४ तास झोपू दिलं, तर तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद बरीच घसरली. धडधाकट मुलांचं असं होतं तर आपलं काय बोलायचं. म्हणून सकाळचा आकडा जास्त येणाऱ्यांनी सकाळी काही करण्यापेक्षा रात्री करावं.

शेवटचा चहा ४ च्या आत. झोपायच्या अर्धा तास आधी मोबाईल दुसऱ्या खोलीत, अलार्मसाठी लागतो हे कारण चालणार नाही, साधं घड्याळ मिळतं. मग गादीवरच उताणे पडा, कंबर दुखत असेल तर गुडघ्याखाली उशी. पाय थोडे फाकलेले, तळहात वर. आता लक्ष एकेका अवयवावर न्यायचं, उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं, तिसरं, करंगळी, तळवा, मनगट, कोपर, खांदा, कंबर, मांडी, गुडघा, पाऊल, पायाची बोटं, मग डावी बाजू, मग पाठ, मग पोट, छाती, चेहरा. काही हलवायचं नाही, नुसतं नाव घ्यायचं आणि पुढे जायचं. मुंगेरच्या बिहार स्कूलची योगनिद्रा साधारण याच क्रमाने जाते. क्लासमध्ये सांगतात झोपू नका, जागे राहा, पण रात्री झोप लागली तर उत्तमच, आपल्याला तेच हवंय. घरातल्या कुणाच्या आवाजात रेकॉर्ड करून लावलं तर अजून बरं, सासूबाई नातवाच्या आवाजात ऐकतात आणि डाव्या पायापर्यंत कधीच पोचत नाहीत.

मध्येच उठायचं झालं तर ताडकन उठू नका. कुशीवर वळा, हात टेकून बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. जुन्या डायबिटीसमध्ये उभं राहिल्यावर बीपी एकदम पडू शकतं, आणि बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच.

जोरात घोरणं, मध्ये श्वास अडकणं, दिवसभर पेंग, हे असेल तर शवासनाने भागणार नाही, स्लीप अॅप्नियाची तपासणी करून घ्या. रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं तेही टेन्शन म्हणून सोडू नका, शुगर जास्त असली की तसं होतं.

शतपावली, पण मोबाईल न घेता

न्यूझीलंडच्या ओटागो युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये दाखवलं की दिवसात एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चाललं तर जेवणानंतरची शुगर जास्त कमी राहते, रात्रीच्या जेवणानंतर तर जास्तच. शतपावली तर आपल्याकडे पूर्वीपासून आहे, फक्त ती शंभर पावलांवर न थांबवता १० मिनिटं करायची. यात मनाचा भाग असा की फोन घरी ठेवायचा, ३ पावलं श्वास आत, ४ पावलं बाहेर, लक्ष तळपायाकडे. गवतावर अनवाणी चाला असं कुणी सांगितलं तर पाय बधिर असणाऱ्यांनी अजिबात ऐकू नका, काच टोचलेली संध्याकाळपर्यंत कळत नाही. बूट किंवा बंद सँडल.

डायबिटीसचंच टेन्शन

एक टेन्शन असं असतं जे श्वासाने जात नाही, ते म्हणजे डायबिटीसचंच. रोज टोचा, रोज मोजा, आणि घरात प्रत्येक जण पोलीस. "काय खाल्लंस? किती आली? मग कशाला खाल्लंस?" याला डॉक्टरी भाषेत डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात, ते मोजायची प्रश्नावलीसुद्धा १९९५ पासून आहे, म्हणजे हे तुमचे नखरे नाहीत.

यावर उपाय बोलण्याचा. घरच्यांना एकदा शांतपणे बसवून सांगा, आकडा मी रविवारी वहीतून दाखवीन, मधल्या दिवशी विचारू नका, लो झाले तर मात्र काय करायचं ते शिकून घ्या. आणि सणासुदीला "एक पुरणपोळी खाल्ल्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी वाक्य तयार ठेवा. मी म्हणते, "मावशी, डब्यात द्या, घरी नेऊन अर्धी खाते." मावशी खूश, डबा घरी, अर्धी पोळी उद्याच्या जेवणात भाकरीच्या जागी.

पण दोन आठवड्यांच्या वर मन उदास आहे, कशातच रस नाही, औषध घेऊन काय करायचंय असं वाटतंय, तर हे रिलॅक्सेशनचं काम नाही. डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

उपयोग होतोय का?

सुरू करायच्या आधी एचबीएवनसी करून घ्या आणि परत १२ आठवड्यांनी. मध्ये करण्यात पैसे घालवू नका, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, तीन आठवड्यांत पूर्ण चित्र दिसणार नाही. मधल्या काळात वहीतली उपाशीपोटीची आठवड्याची सरासरी काढा, एकेका दिवसाकडे बघू नका.

काही दिवस चुकणारच, गणपती येतात, पाहुणे येतात, लग्नसराई येते. तेव्हा १० मिनिटांचं २ मिनिटांवर आणा पण वेळ तीच ठेवा, वेळ सुटली की ते परत बसवायला महिना जातो.

आणि आकडे खरंच उतरायला लागले, उपाशीपोटी ९० च्या आसपास यायला लागलं, जेवायला उशीर झाला की थरथर व्हायला लागली, तर अपॉइंटमेंट अलीकडे घ्या. गोळी किंवा युनिट कमी करायची वेळ आलेली असू शकते, ते डॉक्टर ठरवतील, आपण मनाने अर्धी गोळी मोडायची नाही. जाताना वही न्या. डॉक्टरांकडे पाच मिनिटंच असतात, त्यामुळे जिथे लो आले ती पानं आधीच दुमडून ठेवा.